अंधारातलं अळू

१८ ऑगस्ट २०२४

ती. सुलेखाताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे उभ्यानेच घातला आहे, चालवून घे. वि. वि. तू ट्रॉयहून पाठवलेलं मेतकूट पोचलं. डबा इतका घट्ट बांधला होतास की उघडायला डेलची पक्कड आणावी लागली. डेल म्हणजे आमचा शेजारी. रेणूच्या अळूवडीला पिनव्हील म्हणायचा आणि ताट पुसून खायचा, तो.

आता काम. इथे रानडुकरं आली आहेत. अंधार पडला की ओढ्याकडून वर येतात. गेल्या आठवड्यात त्यांनी रेणूच्या अळूचा अर्धा वाफा उकरून गड्डे खाल्ले. मॉरिसव्हिलचं घर विकून आम्ही दोघं या शेतावर आलो तेव्हा तिने सगळ्यात आधी लावलं ते हे अळू. ती गेल्यावरही दर थंडीत मी त्यावर पेंढा घालतो आणि वसंतात ते पुन्हा फुटतं. तिच्या हातचं आता तेवढंच शिल्लक आहे, आणि मी ते डुकरांना देणार नाही.

बंदूक डेलने शिकवली आहे, परवाना काढला आहे. फक्त रात्री बघायचं यंत्र हवं. रस्त्यावरची हरणं गाड्यांना अंधारात दिसावीत म्हणून तू जन्मभर कॅमेरे बनवलेस, तेव्हा तुलाच विचारतो. पेन्शनीत बसेल असं सांग. आणि हे यंत्र डोक्याला बांधून चालता येतं का? डावीउजवीकडचं किती दिसतं? दिवे लागल्यापासून झोपेपर्यंत बॅटरी पुरते का?

अनिका फ्रीमाँटला मजेत आहे. आत्याला हाय सांग म्हणाली.

तुझा लोभ आहे, तो सल्ल्यासकट पाठवावा.

यतीन


२६ ऑगस्ट २०२४

चि. यतीनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रानेच उत्तर देते आहे, कारण फोनवर तू विषय बदलतोस. हे नीट वाच आणि फ्रिजवर लाव.

सैनिकांकडे असते ती हिरव्या चित्राची दुर्बीण विसर. तिला चांदण्याचा तरी उजेड लागतो आणि किंमत ऐकून तू आजारी पडशील. आपल्यासारख्यांना परवडतं ते डिजिटल. त्यात साधा कॅमेराच असतो, सोबत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा. चित्र काळंपांढरं येतं पण त्यात कान, शेपूट, कुंपणाची तार सगळं ओळखू येतं. तिसरं थर्मल. ते उजेड बघतच नाही, ऊब बघतं. काळ्याकुट्ट रात्री, गवतातसुद्धा, जिवंत प्राणी पांढरा चमकतो. मात्र स्वस्त थर्मलमध्ये लांबून डुक्कर, कुत्रा आणि वाकलेला माणूस हे तिन्ही पांढरे गोळेच दिसतात. हे वाक्य दोनदा वाच.

म्हणून बंदुकीवर डिजिटल लाव. बंदुकीच्या दुर्बिणीतून शोधाशोध करायची नाही, कारण जिथे बघशील तिथे नळी रोखलेली असते. शोधायचंच असेल तर हातात धरायचं छोटं थर्मल वेगळं घे, वापरलेलं मिळालं तरी चालेल. आधी थर्मलने शोधायचं, मग डिजिटलने ओळखायचं, मग बोट. हा क्रम मोडायचा नाही. जाहिरातीतल्या अंतरावर विश्वास ठेवू नकोस. एवढ्या लांबचं दिसतं म्हणतात तेव्हा काहीतरी आहे इतकंच दिसतं, काय आहे ते नाही.

डोक्याला बांधून चालता येतं, पण त्यातून दिसतं ते नळीतून बघितल्यासारखं. आणि शिकारीला बसणाऱ्याला चालायचं कशाला असतं? बॅटरी झोपेपर्यंत कशाला पुरायला हवी? तू विचारलेल्या तीनपैकी एकही प्रश्न बंदुकीचा नाही. मला हे विचित्र वाटलं, म्हणून लिहिते.

मेतकुटाचा डबा परत पाठव. प्रेम आहेच, ते शब्दांत मागू नकोस.

सुलेखाताई


२२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र फ्रिजवर आहे. डेलने ते बघून विचारलं की ही कोर्टाची नोटीस आहे का. मी सांगितलं, त्याहून वरची.

थर्मल आलं. दोन घेतली, एक बंदुकीवर आणि एक डोक्याला. डिजिटल डेलच्या भावाचं लावून बघितलं पण नाही जमलं मला, सगळं राखेसारखं दिसतं. थर्मल कसं स्वच्छ आहे. काळ्यावर पांढरं, बास. डोक्याला बांधून मी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेला, येताना डेलचं मांजर कुंपणावर कंदिलासारखं दिसलं. तू रागावशील, पण मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

गणपतीला मंडळात गेलो नाही. आरती संध्याकाळी होती, ड्राइव्ह करायचा कंटाळा आला. तिथल्या मृणालिनीवहिनींनी मोदक घरी आणून दिले आणि माझ्या कपाळाच्या खोकेविषयी चौकशी केली. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, दुसरं काही नाही.

डुकरं पुन्हा आली. वाफ्याची एकच ओळ उरली आहे. आता रोज रात्री डेकवर बसतो.

आशीर्वाद चालू ठेव.

यतीन


१ ऑक्टोबर २०२४

चि. यतीन,

आशीर्वाद. बाकी खुशाली नंतर.

कचऱ्याचा डबा न्यायला कुणी थर्मल कॅमेरा बांधत नाही. डिजिटलचं चित्र राखेसारखं नसतं. मी त्या कॅमेऱ्यांसोबत नोकरी काढली आहे. तू दुपारची कामं सांगतोस, संध्याकाळची सांगत नाहीस. गेल्या दिवाळीला तुझ्या मित्राच्या, परीक्षितच्या घरून फराळ अर्धा टाकून चार वाजताच निघालास, आणि ट्रॅफिकचं कारण दिलंस. रविवारी ट्रॅफिक नव्हतं.

तुला आबा आठवतात का, ऑफिसातून परतताना? दिवे लागायच्या वेळी मी धंतोलीच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहायचे. ते उतरले की मी पुढे चालायला लागायचे, मोठ्याने पाढे म्हणत. ते माझ्या आवाजामागून यायचे. लोकांना वाटायचं, काय कडक बाप आहे, रस्त्यातसुद्धा पाढे घेतो. आबांना अंधारात दिसत नाही हे आपल्या घरात कधी कुणी बोललं नाही. आईसुद्धा इतकंच म्हणायची, सुलू, पाढ्यांची वेळ झाली. माझ्या परीक्षा असल्या की तुला पाठवायचे. तू एकोणीसच्या पाढ्यात अडकायचास, आणि तू अडकलास की आबा रस्त्यातच उभे राहायचे, पाय न उचलता, हातातली पिशवी छातीशी धरून.

तुझे तीन प्रश्न आबांचे आहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. जाईपर्यंत बंदूक डेलच्या कपाटात ठेव. अळू गेलं तर जाऊ दे. रेणू मला फार आवडायची, तरी लिहिते, जाऊ दे.

उत्तर आलं की माया दाखवीन.

सुलेखाताई


३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,

नमस्कार. उत्तर उशिरा लिहितो आहे. अक्षर मोठं आलं आहे, आणि ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर माफ कर. आज घड्याळं मागे गेली. पाच वाजताच बाहेर संपलं.

बंदूक मी तुझं पत्र आल्यावर दिली नाही. हे आधी सांगतो.

गेल्या आठवड्यात डेकवर बसलो होतो. वाफ्यात पांढरं दिसलं, बुटकं, वाकलेलं, मातीत तोंड घातलेलं. ते शेवटच्या ओळीवर होतं. मी दुर्बिणीतूनच शोधत होतो, तुझा क्रम मोडून, कारण बंदुकीवरच्या त्या गोल तुकड्यातच मला आता नीट दिसतं. बोट घोड्यावर गेलं. तेवढ्यात ते उभं राहिलं आणि त्याला दोन पाय होते.

डेल होता, ताई. थंडी लवकर पडणार म्हणून अळूवर पेंढा घालायला आला होता. दुपारी त्याने मेसेज केला होता, मी वाचला नव्हता. अंगणातला दिवा चालू होता, तो डावीकडून त्याच्या उजेडातून चालत आला, मला हातसुद्धा केला म्हणे. माझ्या डावीकडे आता काही नसतं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला आणि म्हणाला की ओळ झाकून झाली आहे, सकाळी बघ. बंदूक घेऊन गेला.

डॉक्टरकडे त्यानेच नेलं. डोळ्याचा पडदा कडेकडून विझत येतो आहे. आबांचंच आहे. मधलं अजून काही वर्षं राहील, उपाय नाही. मला आधीपासून माहीत होतं का, असं विचारशील. रेणू होती तेव्हा संध्याकाळी तीच गाडी चालवायची, दंडाला धरून पायऱ्या उतरायची, आणि सगळ्यांना वाटायचं आमचं फार प्रेम आहे. ते होतंच.

डॉक्टर म्हणाले, मुलांचे डोळे तपासा. काल अनिकाला फोन केला. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, गेल्या हिवाळ्यापासून मी रात्री फ्रीवेवर ड्राइव्ह करत नाही, मला वाटलं आय ॲम जस्ट टायर्ड. मी तिला एवढंच विचारलं की जेवलीस का. तिने पुढचं काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तू इतकी यंत्रं बनवलीस. यातलं तिच्यासाठी एखादं आहे का?

यतीन


१० नोव्हेंबर २०२४

चि. यतीनला आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. मी बनवली ती आणि तू विकत घेतलीस ती, सगळी यंत्रं डोळ्यापुढे उजेडाचं चित्र आणून ठेवतात. ते बघायला मागे पडदा लागतो. मी तीन दिवस जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, त्यांनीही हेच सांगितलं, फक्त गोड शब्दांत. संशोधन चालू आहे म्हणाले. तेही तुला कळवते, पण त्यावर दिवस काढू नकोस.

तुझं पत्र मी ओट्याशी उभी राहून वाचलं आणि दूध उतू गेलं. गेली कित्येक वर्षं माझ्या हातून दूध उतू गेलेलं नाही.

डेलला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, इंग्रजीत. अळू उरलं असेल तर वसंतात पहिली पानं त्याला. रेणूसारखी वडी मला जमत नाही, माझी सुटते. तो खाईल.

मी गुरुवारी निघते. विमानतळावर येऊ नकोस, विमान संध्याकाळी उतरतं. टॅक्सी करीन. थर्मल विकू नकोस, पण घरात बांधून फिरायचं नाही. माझ्यासमोर कपाळावर आणखी एक खोक दिसली तर बघ.

अनिकाशी बोलले. तिची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आबांचे डोळे आपल्या दोघांना चुकले असं समजून मी इतकी वर्षं निवांत होते. मला ते खरंच चुकले. तुला नाहीत, आणि बहुतेक तिलाही नाहीत. ती फोनवर रडली नाही. तिने मला विचारलं, आत्या, आजोबा मग घरी कसे यायचे? मी सांगितलं. ती म्हणाली, व्हॉट्स अ पाढा?

तिला मराठी आकडे वीसच्या पुढे येत नाहीत, यतीन. हे आपलंच काम राहून गेलं. तपासणीचं काहीही निघो, नाताळात तिला तुझ्याकडे बोलवून घेतलं आहे. दिवे लागायच्या वेळी घरापासून वाफ्यापर्यंत आपण तिघं जायचं. पुढे मी, माझ्या आवाजामागून तू, तुझ्यामागून ती. सुरुवात दोनपासून करू, तिला नवीन आहे.

एकोणीसचा मी म्हणेन. तू तिथे थांबू नकोस.

तुझी,
सुलेखाताई