तिच्या ग्लासातला पांढरा रस्सा

रविवार, १५ डिसेंबर २०२४. संध्याकाळचे सहा. शर्टावर सांडलेला तांबडा रस्सा साबणाने चोळून आत्ताच लिहायला बसलो.

सोनालीचं स्थळ आलंय. आज पहिल्यांदाच आम्ही दोघं जेवायला गेलो, कळंब्याच्या जुन्या परमिट रूममध्ये. तिथं आता फॅमिली हॉटेल झालंय; काचा, कुंड्या, आणि रस्सा एवढ्याशा ग्लासात. मला तिखट सोसत नाही, हे घराबाहेर कुणालाच माहीत नाही. कोल्हापुरात राहून सांगायचं तरी कसं? सौम्य पांढरा आधीच संपवला होता; तांबडा एका घोटात संपवायला गेलो आणि ठसका लागला. शर्टावर सांडला, डोळ्यांत पाणी. वाटलं, संपलं. आता नकारच.

तिने आपला पांढरा माझ्यापुढे सरकवला आणि माझा उरलेला तांबडा पिऊन टाकला.

"तिखट सोसत न्हाय व्हय तुम्हाला?"

"नाही."

"आणि मटण थाळी मागवलीसा!" खूप हसली. मग ताटाकडे बघत म्हणाली, "म्हणजे रोज दोन कालवणं करायला लागणार की."

हा होकारच ना? विचारायचं धाडस झालं नाही. डाग अजून पुरता गेलेला नाही. राहू दे.

खर्च: जेवण नऊशे चाळीस, पेट्रोल शंभर.
देणं: सोनालीचा एक ग्लास पांढरा रस्सा.