कडी लावून केलेलं मालीश

जबलपूर, जानेवारी १९९९

नीलिमाताईस आम्रपालीचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. बाळ पोटात खूप हलतं. हे बॉर्डरवर आहेत, पण सासूबाई मलकापूरहून आल्यात, म्हणून काळजी करू नका. कोरेगावात थंडी आहे का? आईचे गुडघे कसे आहेत?

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस. बाळंतपणात तुला टाके पडल्यावर किती दिवस नीट बसता येत नव्हतं, ते आठवून माझा जीव घाबरतो. इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरना तसं बोलले. त्यांनी शिकवलं, शेवटच्या महिन्यात हात स्वच्छ धुऊन, बाळाच्या वाटेच्या तोंडाशी तेलाने आतून हलकं मालीश करायचं. कातडी सैल होते, फाटायची भीती कमी होते. खात्री मात्र त्याही देत नाहीत.

काल तेच करत होते, तर सासूबाई दार बडवायला लागल्या. "कडी लावून काय करतीस गं? लेकराला काय झालं म्हंजे?"

दार उघडून खरं ते सांगितलं. वाटलं, आता गावी धाडतील.

त्या आत येऊन माझ्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या येळंला मी लय फाटले. अजून दुखतंय. आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

आज मी पुन्हा कडी लावली होती, तेवढ्यात शेजारीण आली, तर त्यांनीच तिला बाहेरून परत पाठवलं. "सून झोपलीया," म्हणाल्या.

ताई, भीती अजून आहेच. तुलाही अजून दुखतं का? खरं लिही.

तुझीच,
आम्रपाली