चाळीस जंतांचा मृत्यू, माझ्या नोंदीप्रमाणे

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत साष्टांग घालायला जागा नाही, पाय दाराबाहेर जातात, तेव्हा घातला असं समजावं.) गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाही असं आईकडून कळलं, ते योग्यच आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. बाकी सगळ्याचे तीनतेरा वाजले आहेत.

तर, पीएचडी. ज्या प्रयोगशाळेचं नाव घेऊन मी दोन वर्षं तुम्हा सर्वांचं डोकं खाल्लं, तिथल्या मॅडमनी मला आठवडाभर काम करून बघायला बोलावलं. जमलं तर पाच वर्षं, नाहीतर रामराम. इथे जंतांच्या म्हातारपणाचा अभ्यास चालतो. (मामीला सांगा, पोटातले नव्हेत, मातीतले, औषध पाठवू नये.) एकेक जंत जेमतेम मिलिमीटरभर. रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघत, केसाएवढ्या तारेनं प्रत्येकाला टोचायचं. हलला तर जिवंत. नाही हलला तर वहीत फुली मारायची आणि उचलून मेलेल्यांच्या डबीत टाकायचा. इतकं सोपं काम, की त्यात माती खायला खास अंगी गुण लागतात.

तिथे पाचव्या वर्षाला एक मुलगी आहे. तिला दाढ काढायला जायचं होतं, म्हणून तिनं बावीस दिवस वेगवेगळ्या गटांत सांभाळलेले जंत एका सकाळपुरते माझ्या हवाली केले. मी टोचले. पण मामा, बिचाऱ्यांना लागेल म्हणून इतक्या हळू टोचले, की एकालाही पत्ता लागला नाही. मी एकामागून एक चाळीस फुल्या मारल्या. (वर मनातून हळहळलेसुद्धा.) ती सुजलेला गाल घेऊन परतली, मेलेल्यांच्या डबीत डोकावली, तर तिथे सगळे मजेत फिरत होते. कोण कुठल्या गटातला, हे आता देवालाही सांगता येणार नाही. बावीस दिवसांची मेहनत पाण्यात. गालामुळे तिला धड ओरडताही येईना, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, "नक्की किती जोरात टोचलंस?"

मी म्हणाले, "मॅडम, टोचलं असं नाही. विचारपूस केली."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

खरं सांगते मामा, मला भीती वाटते. इथली मुलं बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नाही. मी मान डोलावते. (मान डोलावण्यात पीएचडी देत असतील तर आजच घेते.) शाळेत पहिली यायचे म्हणून घरच्यांनी मला हुशार ठरवून टाकलं, आणि मीही कधी उलटतपासणी केली नाही. आता आठ दिवसांत कळलं, की मला पाठांतर येतं. आपण कमी पडतो हे पाच वर्षं रोज सकाळी नव्यानं कळत राहिलं, तर माझं काय उरेल? म्हणून मीच मॅडमना नकार कळवायचं ठरवलं आहे. मसुदा तयार आहे, शुद्धलेखनासकट. आईला तेवढं तुम्हीच बेतानं सांगा.

तुमची भाची
(तूर्त कुणाचीच विद्यार्थिनी नसलेली)

ता. क. नकार अजून धाडलेला नाही. प्रवेशासाठी मॅडमची एक अट राहिली आहे. त्यांना कौतुकाचं शिफारसपत्र चालत नाही. ज्यानं मला नापास होताना डोळ्यांनी पाहिलं आहे, अशा माणसाचं पत्र हवं, आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं तेही त्यात हवं. शुक्रवारपर्यंत. प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटले तेव्हा मी तुमच्याकडेच राहत होते, म्हणून हे तुमच्याच गळ्यात. ताट सरकवलं, मामीवर खेकसले, बाथरूममध्ये कोंडून घेतलं, सगळं लिहा. काही झाकू नका.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी मी काय केलं, ते मला आठवत नाही हो. खूप आठवून पाहिलं. तुम्हाला आठवत असेल, तर मॅडमच्या आधी मला लिहा.