सतरा नंबरचा कोरा रकाना

प्रिय मास्तर,

(तू चिडलास तरी मी हेच म्हणणार.) माझा संशयी स्वभाव तुला माहीतच आहे. ऑफिसात चहा वेळेवर आला तरी मला वाटतं, कुणाचं तरी काहीतरी काम अडलेलं असणार. तर आमच्याकडे रक्तदाब मोजायच्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहायला माणूस हवाय. यंत्र कसं वापरायचं ते लिहून दाखवायची परीक्षा दुसऱ्या शाखेत झाली. माझ्याकडे आले ते नावाऐवजी नुसते नंबर असलेले अर्ज आणि टाइप केलेली उत्तरं. साहेबांचा हुकूम, ‘कोणकोणती सॉफ्टवेअरं येतात’ हा रकाना आधी बघा. नऊ नंबरने अकरा नावं लिहिली होती. मला तेव्हाच शंका आली, तरी त्याला ठेवलं. सतरा नंबरने रकाना कोराच सोडला होता. आळशी असेल नाहीतर शिष्ट, असं म्हणत मी उत्तर न वाचताच फुली मारली.

तू सुरू केलेली पद्धत अजून चालू आहे. सफाईवाल्या मावशी उत्तरं वाचतात आणि लिहिलंय तसंच यंत्र चालवतात. या वेळी त्यांनी चुकून फुलीचा गठ्ठाही उचलला. नऊ नंबरचं पान काय देखणं! चौकटी, रंग, बाण. मावशींनी हवा भरली, दंड आवळला, आणि हवा सोडायची कशी ते पुढच्या पानावर. त्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. सतरा नंबरने ते पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. मावशी कुठेही अडल्या नाहीत.

मला वाटलं, त्यांना कुणीतरी पढवलंय. मग वाटलं, आपल्या दोघांच्या जुन्या पुस्तिकेतून उतरवलंय. ती काढून बघितली. तिच्यात ती ओळ दुसऱ्या पानावर आहे. साहेबांनी ती तिथे ढकलली आणि त्याच भांडणात तू नोकरी सोडलीस. ती ओळ पहिलीच हवी म्हणून हटून बसणारा माणूस मला एकच माहीत आहे. अर्ज केलास आणि मला कळवलंही नाहीस! मी वशिला लावीन अशी भीती वाटली, की ओळखणारच नाही अशी? तुझा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

आज साहेबांशी कडाकडा भांडले. म्हटलं, सॉफ्टवेअर मी पंधरा दिवसांत शिकवते, पण कुठली ओळ आधी हवी हे नाही शिकवता येत. बुधवारपर्यंत जागा तुझ्यासाठी थांबवलीय. पण नकाराची पत्रं नुसते नंबर घालून शनिवारीच गेली, आणि तुझ्या पत्राखाली सही माझी आहे. थांबायचं कसं ते आधी सांगावं, हे तूच शिकवलंस, आणि मी ते शेवटी लिहितेय: ते पत्र फाडून टाक आणि ये.

तुझीच, अजून कच्चीच राहिलेली,
संशयखोर