कापलेला डोळा आणि कळकट आभाळ

८ नोव्हें., शनि.
उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. सगळं लख्ख दिसाया लागलं, आन् त्याच्यासारखं वंगाळ काय नाय. शेगडीमागं तेलाचा थर. ट्यूबलाइटपाशी पालीची घाण. लेकाच्या, भगवानच्या मानंला काळं. ही वही लिहिणारी माझी सून सुनंदा, तिचे केस अर्धे पांढरे झालेत, मला पत्ता नाय. "आत्या, हे बी लिहू?" म्हणती. लिही. मला वाचता येत नाय म्हणून गाळायचं नाय. आन् शाळेतल्यागत शुद्ध करायचं नाय.

९ नोव्हें.
डोळ्यात थेंब, चार बारी. वाकायचं नाय, डोक्यावरून पाणी नाय. डॉ. म्हणतो, डावा पुढच्या महिन्यात कापू, मोतीबिंदू पार पिकलाय, लांबवला तर जड जाईल. मी म्हणलं, आधी उजव्याचं काम तपासते. भगवानचं तोंड उतरलं.

तपासायचं कसं, ते मला ठाऊक. दोन-तीन वर्षं झाली, गच्चीवर गेलं की आभाळ रिकामं. कृतिका नाय, तीन चांदण्यांचं तिकांडं नाय. भगवानानं डॉ.ला हेच सांगितलं, "आमच्या मायला चांदण्या दिसत नाहीत." चांदण्यांपायी तर कापू दिला.

१० नोव्हें.
सुनंदा विचारती, कृतिकाच का? आमच्यात पोराच्या हाती मेंढरं द्यायची तर बा आधी कृतिका मोजाया लावायचा. बारीक चांदण्यांचा झुबका असतो. सहा मोजल्या तर कोकरं सांभाळ. सात मोजल्या तर राखणीला बस. मला सात दिसायच्या. धाकट्या भावाला, बाबूला, पाच, पण सांगायचा नऊ. लांडग्यानं दोन कोकरं नेली तवा बाला त्याच्या नऊ कळल्या.

११ नोव्हें.
सुनंदा शाळेत नववीला तारे शिकवून आली. काय शिकवलंस म्हणलं. तर तारा म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा. शी! जन्मभर वायूच्या भरवशावर मेंढरं हाकली म्हणायची. सूर्य बी ताराच, जवळ हाय म्हणून मोठा दिसतो. तांबडा तारा कमी गरम, निळा जास्त. हे मला चुलीवरून गॅसवर आले तवाच कळलं होतं, त्याला पुस्तक कशाला. तारे लुकलुकत नाहीत म्हणं, मधली हवा हलती. कृतिकेत सात नाय, शेकड्यानं हायत. म्हणजे बाच्या हिशेबानं आम्ही समदीच आंधळी.
वर आपली आकाशगंगा, तिच्यात अब्जावधी तारे, आन् तसल्या आकाशगंगा बी अब्जावधी. एवढा पसारा आन् आवरायला कोण नाय.

१४ नोव्हें., शुक्र.
रात्री आठाला गच्चीवर गेले. समोर लग्नाचा हॉल, त्याची मोठी बत्ती आभाळ झाडल्यागत फिरती. इकडं रस्त्याचे पांढरे दिवे. वर राखट, धुण्याच्या पाण्यागत. उगवतीला कृतिकांच्या जागी काय बी नाय.  उजवा बी वाया गेला म्हणलं.
मग सुनंदाला म्हणलं, तू मोज आभाळातल्या चांदण्या. तिनं चष्मा पुसून मोजल्या. "चार." त्यातली एक चालाया लागली. विमान. "तीन, आत्या."
भगवानला वर बोलावलं. त्याला बी तीनच.
"मग मलाच का नेलं रं कापायला?"
 तीन माणसांचं घर, आन् तीन वर्षांत ह्या दोघांनी एकदा मान वर केली नाय. मी केली, तर डोळ्याला दोष दिला. आन् मी बी तो मानला, माझी मलाच किळस आली.

१६ नोव्हें.
भगवान म्हणतो, "माय, मोतीबिंदू खराच होता." व्हय बाबा, पालीची घाण दिसती की. पण कृतिका मोजल्याबिगर डावा देणार नाय. "आन् तवर आंधळी झालीस तर?" वरडला. ताटावरून उठला. ताटात मेथी होती, त्याच्या आवडीची...

२१ नोव्हें.
काल अमावस्या. भगवाननंच गाडी काढली. कन्नड गावाच्या पुढं घाटावरच्या माळाला बाबूनं एका शेतात मेंढरं बसवलीत. तिथं उतरलो. दिवे विझवले.
सुनंदा वर बघून म्हणली, "आत्या, ढग आलाय. आता कसलं दिसतंय."
उत्तरंकडून पार मावळतीपर्यंत पांढुरका पट्टा. म्हणलं, बाई, ढग नाय. ही तुझी आकाशगंगा.
ती धसकटातच बसली. बावीस वर्षं शिकवती, फळ्यावर काढती, पैकीच्या पैकी गुण देती. कधी बघितलीच नव्हती. "पुस्तकात रंगीत असते," म्हणली.  नाक वढत होती. मी बी चिडवलं नाय.

कृतिका वर आल्या होत्या. डावा झाकून उजव्यानं मोजल्या. उजवा झाकून डाव्यानं.
बाबू म्हणला, "आक्का, किती?"
"तुला किती?"
"नऊ."
म्हातारा झाला, मेल्याची लबाडी जात नाय.

परतताना भगवान दोनदा म्हणला, "माय, दिसल्या का? डाव्याची तारीख घेऊ?" मी झोपेचं सोंग घेतलं. गारखेड्यात आमच्या गल्लीत शिरलो तर तीच बत्ती, तेच राखट पाणी. डावा कापून हेच बघायचं का? आन् नाय कापला तर त्या माळावर पुन्हा काय घेऊन जायचं?

दोन्ही आकडे सुनंदाच्या कानात सांगितलेत. लिहायचे नाहीत, भगवान वही चोरून वाचतो. ती म्हणती, "आत्या, डाव्याचा तरी लिहू द्या."
जागा सोड म्हणलं, माझं ठरलं की भर.
सोडली तिनं. दोन बोटांएवढी.