डोंगरातली जांभळी वेल आणि आमची दुरुस्ती

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच जमिनीवर पडून घातलाय असं समज.) गुडघा कसा आहे? अजून वाकता येत नसेल, तर काही दिवस तसंच राहू दे. घाई करू नकोस.

ताजी खबर अशी, की डोंगरातली ती जांभळ्या फुलांची वेल अस्सल इथलीच आहे, हे वनस्पती-संग्रहालयाच्या बाईंनी काल पक्कं केलं. वाटाण्याच्या कुळातली, बाईंनी अकरा वर्षांत जिवंत पाहिलेली नाही. मी मात्र गेल्याच आठवड्यात, आमच्या साप्ताहिकातल्या सदरात, तिला बागेतून पळालेलं परकं तण ठरवलं होतं. एवढ्यावर निभावलं असतं. पण मजकूर दोन ओळी कमी पडला, म्हणून ‘दिसेल तिथे मुळासकट उपटा’ असं वाचकांना बजावलं. (रिकामी जागा माणसाकडून काय काय वदवून घेते!)

चूक झाली ती फोटोमुळे. एका कॉलमात बसवायला आम्ही तो कापला, आणि मी ओळख पटवली ती कापलेल्या फोटोवरून. फुलं दोन्ही वेलींची सारखीच. पण बागेतल्या वेलीच्या देठाला पानांची एकच जोडी, हिच्या देठाला पाच-सहा. बाई म्हणाल्या, “म्हणजे पानं आधी कापलीत आणि मग ओळखायला बसलात! धन्य आहे बाबा तुमची.”

बाई आणि मी लगेच डोंगराच्या उतारावर गेलो. वेल एकही नाही. नीट बुजवलेले खड्डे तेवढे. सव्वीस वर्षांत या सदराला एकच पत्र आलं, तेही तुझं, छपाई पुसट आहे म्हणून. आणि वाचकांनी ऐकायचं ठरवलं ते नेमकं याच वेळी! संपादक खूश आहेत: “आपल्याला वाचक आहेत म्हणायचे!” दुरुस्ती गुरुवारी छापतोय, चार ओळींत.

तुझा,
भाचा

ता. क. तुझ्या कुंपणावर जांभळ्या फुलांची वेल चढल्याचं तू मागे लिहिलं होतंस. आहे ना अजून? पानं मोज, उपटू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वर येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय.

आणखी एक. तू माझं सदर न वाचताच कपाटात अंथरतेस, असं ताई म्हणाली तेव्हा मी दोन वर्षं रुसलो होतो. या खेपेला तरी ते खरं असू दे. शनिवारी पहिल्या गाडीने बाई तुझ्याकडे येतायत. वेल असली तर शेंगा धरेपर्यंत मुक्काम तुझ्याकडे. नसली, तर त्याच गाडीने परत माझ्याकडे.