गैरहजर क्रमांक त्र्याऐंशी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण एकदा खाली गेल्यावर वर कोण उठवणार हा प्रश्न असल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, तो गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का, की नको असलेल्या पाहुण्यांना उठवण्यासाठी त्यांनी तो राखून ठेवला आहे? इकडे सर्व क्षेम. (हे वाक्य मी गेल्या चार पत्रांत लिहिलं आहे. या खेपेस ते हाताच्या सवयीनं उतरलं, त्यावर फार विसंबू नकोस.) माझ्या साखरेचं तू दर पत्रात विचारतेस आणि मी दर पत्रात हवापाण्यावर घसरतो, हे तुझ्या लक्षात आल्याचं मागच्या पत्रातल्या दोन अधोरेखित ओळींवरून समजलं. साखरेवर येतोच, पण आधी तुझा भाऊ समाजसेवक कसा झाला ते वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतेस.

आमच्या वस्तीत एक लहानसा दवाखाना आहे. तिथं तक्रारपेटी आहे, तिला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली आधीच्या क्लार्कबरोबर निवृत्त झाली आहे. म्हणून मी माझी तक्रार थेट डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. तीनच पानं होती. पंखा माणसांवर न फिरता भिंतीवर फिरतो, बाकाचा एक पाय आखूड आहे, घड्याळ दहा मिनिटं मागं आहे, वगैरे. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढ्या, पण त्यांनी तिन्ही पानं वाचली. (एकतीस वर्षांच्या मास्तरकीत माझं तीन पानी काही कुणी आपखुशीनं वाचल्याचं आठवत नाही.) दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, की दवाखाना कसा सुधारता येईल हे सांगायला पेशंटांचीच एक समिती करतो आहोत, इतकं बारीक बघणारा माणूस आम्हाला हवाच आहे. मी याला कौतुक समजलो. केसपेपर काढणाऱ्या क्लार्कनं नंतर सांगितलं, की हा गृहस्थ दर आठवड्याला तीन पानं लिहिण्यापेक्षा महिन्यातून एकदा तोंडी बोललेला बरा, असा सरळ हिशेब होता.

समितीत आम्ही तिघं. एक मी. दुसऱ्या, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, ज्या जिन्याखालच्या जागेत मशीन टाकून दिवसभर लोकांचे कपडे सैल किंवा घट्ट करतात. तिसरे एक निवृत्त वायरमन, त्यांना एका कानानं ऐकू येत नाही आणि बैठकीत तोच कान ते माझ्या बाजूला करून बसतात. पहिल्याच बैठकीत डॉक्टरीणबाईंनी वरच्या कार्यालयाचं पत्र वाचून दाखवलं. दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे साखरेच्या पेशंटांना तपासतात, चाळीस जणांना वेळा दिलेल्या असतात, पण अठरा-वीस जण येतच नाहीत. दोन महिन्यांत गैरहजेरी पाचांवर आली नाही तर गुरुवारचा दवाखाना बंद करून सगळ्यांना शहराच्या त्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवणार. म्हणजे दोन बस, एक चढण आणि अख्खा दिवस. शिंपीणबाईंना स्वतःला साखर आहे. त्या एवढंच म्हणाल्या, की इथलं बंद झालं तर मी काही दोन बस करून जायची नाही, आणि माझ्यासारख्या निम्म्या बायका जायच्या नाहीत. लोक का येत नाहीत ते तुम्ही शोधा, पेशंट पेशंटाला खरं सांगतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नावं देता येणार नाहीत म्हणून त्यांनी गैरहजर पेशंटांचे नुसते केसपेपरचे क्रमांक दिले.

ताई, गैरहजेरी म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं असेल याची तुला कल्पना आहे. एकतीस वर्षं मी हजेरीपट सांभाळले. पोटदुखीच्या चिठ्ठीवरची सही बापाची की पोराची, हे मी चिठ्ठी न उघडता सांगत असे. माणसं कुठंही गेली तरी ती पोरंच, असं धरून मी रात्रंदिवस खपून एक प्रश्नावली तयार केली. बेचाळीस प्रश्न. विभाग अ मध्ये एका वाक्यात उत्तरे, विभाग ब मध्ये सकारण स्पष्ट करा, आणि विभाग क मध्ये कोणतेही पाच सोडवा. शिंपीणबाईंनी दोन पानं उलटून विचारलं, की सर, हे आजारी माणसांसाठी आहे ना? मी म्हटलं, आजारी माणसाला वेळच वेळ असतो.

त्या गुरुवारी मी बाकांवर एकाआड एक बसवून पेपर वाटले. माणसं बिचारी खरोखर लिहू लागली. उत्तर चुकलं तर गोळ्या मिळणार नाहीत अशी अफवा पसरली (ती मी पसरवली नव्हती, पण खोडूनही काढली नाही). एका आजोबांनी शेजारच्या बाईंचं बघून सगळं उतरवलं, त्यामुळे त्यांना पाचवा महिना असून उलट्यांचा त्रास होत असल्याची नोंद माझ्याकडे आहे. आतून सिस्टर नंबर पुकारत होत्या आणि बाहेर लोक हात वर करून पुरवणी मागत होते. दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तेव्हा नऊ माणसं तपासणीविना राहिली आणि नियमानुसार त्या नऊही जणांच्या नावापुढं ‘आले नाहीत’ असं लागलं. त्या दिवसाची गैरहजेरी सत्तावीस. दवाखाना उघडल्यापासूनचा उच्चांक, आणि त्यात नऊ माझ्या खात्यावर. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, स्वतःसाठी.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी फलक लिहिला. नावं नाहीत तर नाहीत, क्रमांक तर आहेत, असं म्हणून माझ्या वळणदार अक्षरात ‘सतत गैरहजर राहणारे’ असा मथळा घालून यादी नोटीसबोर्डावर लावली. डॉक्टरीणबाई त्या दिवशी रजेवर होत्या, हेही मी सोयीचंच मानलं. यादीत सगळ्यात वर क्रमांक त्र्याऐंशी, लागोपाठ सात गुरुवार गायब. त्याच्याखाली मी लाल शाईची रेघ मारली. केसपेपरच्या खिडकीशी उभं राहून क्लार्कला सांगितलंही, की असल्या एकेका बेजबाबदार माणसापायी अख्ख्या वस्तीचा दवाखाना बुडतो, हा त्र्याऐंशी मला एकदा भेटू दे. क्लार्कनं हातातला केसपेपर गठ्ठ्यात परत सरकवला. मग म्हणाला, की भेटेल सर, लांब राहत नाही.

माझी काटकसर तुला ठाऊक आहे, कच्चं लिखाण मी पाठकोऱ्या कागदावरच करतो. घरी येऊन दुसऱ्या प्रश्नावलीसाठी खण उपसला, त्यात एक जाडसा पाठकोरा कागद सापडला. त्यावर अकरा प्रश्न लिहून झाले. बारावा सुचेना म्हणून कागद उलटा केला, तर तो माझा केसपेपर. वर नाव माझं, वय माझं, साखरेचा आकडा माझा आणि उजव्या कोपऱ्यात गोलात क्रमांक त्र्याऐंशी. मी चष्मा पुसला, आकडा तोच राहिला. तर ताई, हे माझ्या साखरेविषयीचं उत्तर. तपासून घेतली, सगळं ठीक आहे, असं मी तुला चार पत्रांत लिहिलं, ते सगळं खोटं. सात गुरुवार मी घरातून वेळेवर निघालो, दवाखान्यातल्या बाकापर्यंत गेलो आणि तिथून वाचनालयात जाऊन बसलो. दवाखान्यावर तीन पानं लिहिण्याइतका मोकळा वेळ मला तिथंच मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत यादी काढायला गेलो, तर डॉक्टरीणबाई स्वतःच टाचण्या काढत उभ्या होत्या. लोकांना लाज वाटायला लावली तर जे येतात ते बावीसही यायचे बंद होतील, एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते रास्त होतं. सिस्टरना मात्र माझ्याबद्दल आदर वाटत होता. त्या म्हणाल्या, की सरांनी स्वतःचा नंबर सगळ्यात वर लिहिला, आम्हाला वाटलं लोकांपुढं आदर्श ठेवताहेत. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, की हे असंच होतं म्हणून सांगून टाकावं.

पुढच्या बैठकीत शिंपीणबाईंनी त्यांचं काम मांडलं. त्यांनी काही छापलं नव्हतं, वाटलं नव्हतं. मापं घेताना बायका बोलतात आणि टाचण्या तोंडात असल्यामुळे शिंपीण मधे बोलत नाही, एवढीच त्यांची पद्धत. रक्त द्यायला सकाळी यायचं आणि डॉक्टरांना दाखवायला दुपारी पुन्हा, अशा दोन खेपा. कामावरून एकदा सोडतात, दोनदा कोण सोडणार? म्हणून लोक रक्त देतात आणि दुपारी येत नाहीत. बेचाळीस प्रश्नांत मला जे सापडलं नाही ते त्यांनी एका परकराच्या मापात शोधून काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथं ठरवलं, की पुढच्या गुरुवारपासून दोन्ही सकाळीच, एका खेपेत. मग शिंपीणबाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, “सर, तुम्हाला तर कामावर जायचं नसतं. तुम्ही का हो येत नाही?”

मी भाषणाला उभा राहिलो आणि भाषण आलंच नाही. जे आलं ते तुलाही कधी सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी हिच्या शेवटच्या आजाराचा रिपोर्ट आला तो इथल्याच तपासणीच्या खोलीत. तेव्हा डॉक्टर दुसरे होते, खोली तीच. पेशंटसाठी एकच खुर्ची आणि कपाटामुळं दुसऱ्या माणसाला उभं राहण्याइतकीही जागा नाही, म्हणून मी दाराबाहेर होतो. ही बाहेर आली ती हसत, म्हणाली काही नाही हो, चला, भाजी घ्यायची आहे. आत काय सांगितलं होतं ते मला तीन आठवड्यांनी कळलं. तीन आठवडे तिनं ते एकटीनं बाळगलं, ताई, आणि मी त्या दिवशी भाजीवाल्याशी सुट्ट्यावरून भांडलो. तेव्हापासून ते दार दिसलं की माझे पाय मागं फिरतात. मला भीती वाटते, एवढं मी समितीपुढं म्हणालो. एकतीस वर्षं पोरांना ‘घाबरायचं काय त्यात’ असं सांगणारा मी. बोलून झाल्यावर बघितलं, तर वायरमन चांगला कान माझ्याकडे करून बसले होते. शिंपीणबाई म्हणाल्या, की आत एकटीनं काय ऐकावं लागेल म्हणून त्याही दोनदा दारातून परतल्या आहेत. सिस्टरनी आणखी पाच-सहा जण सांगितले.

त्याच दुपारी आम्ही कपाट हलवलं. (मी सूचना दिल्या, वायरमन आणि क्लार्कनं उचललं.) कपाट बाहेरच्या बोळात गेलं आणि आत दुसरी खुर्ची बसली. पेशंटनं हवं त्याला बरोबर आणावं, अशी पाटी मी लिहिली, एकाच वाक्यात, डॉक्टरीणबाईंनी शब्द मोजूनच दिले होते. त्यानंतरच्या गुरुवारी आजोबा म्हातारीला घेऊन आले, एक बाई शेजारणीला घेऊन आल्या. वीस, अठरा, सत्तावीस असे आकडे बघितलेल्या त्या वहीत काल फक्त सहा गैरहजर लागले. वरच्या कार्यालयाला पाच हवेत. शेवटची मोजणी येत्या गुरुवारी आहे.

भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. — काल राहिलेल्या सहांत एक मी. पाटी लिहिणारा, खुर्ची मागणारा आणि वाचनालयात जाऊन बसणारा एकच माणूस आहे. पाच जणांचं मला सांगता येत नाही, पण सहावा माझ्या हातात आहे, असं सगळे तोंडावर न म्हणता माझ्याकडे बघतात. शिंपीणबाईंनी तर काल माझ्या सदऱ्याचं बटण फुकट लावून दिलं, ते मला चांगलंच समजलं.

ता. क. दुसरा — गुरुवारी सकाळी साडेआठला माझी वेळ आहे. मुलाला कळवलं तर तो रजा टाकून येईल आणि मला सामानासकट उचलून नेईल, म्हणून त्याला कळवलेलं नाही. आज शुक्रवार, पत्र तुला सोमवारी मिळेल, बुधवारची दुपारची गाडी सोयीची आहे. भाऊजींनी विचारलं तर समितीतर्फे माझा सत्कार आहे असं सांग. तुला काही बोलायचं नाही, नुसतं त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायचं आहे. डॉक्टरीणबाई जे सांगतील ते दोघांनी एकदम ऐकायचं, म्हणजे बाहेर येऊन कुणाला हसावं लागणार नाही.

ता. क. तिसरा — वर ‘गाडी सोयीची आहे’ याच्यापुढं जे गिरवून खोडलं आहे ते उजेडाकडे धरून वाचशील, मी तुला ओळखतो. तिथं ‘गुडघे दुखत असतील तर नाही आलीस तरी चालेल’ असं लिहिलं होतं. नाही चालणार, ताई.